समुद्र न दिसणारी खोली

अंदमानातल्या एका बेटावरची दोन बुटीक हॉटेलं लेकीने फोनवर पाठवली आणि म्हणाली, "आई, तुम्ही दोघांनी ठरवा आणि फोन करून टाका." बुटीक म्हणजे ब्लाऊज शिवायचं दुकान, एवढंच मला ठाऊक. ही निघाली आठ-दहा खोल्यांची नटवलेली हॉटेलं. एक अगदी पुळणीवर, खोलीची अख्खी भिंत काचेची, समोर समुद्र. दुसरं आत, सुपारीच्या बागेत. तिथून समुद्र दिसतच नाही.

चहा निवायच्या आत मी निकाल लावला. पुळणीवरचं! सुपारीची बाग इथे रत्नागिरीत आमच्या परसात आहे, ती बघायला विमानाने कोण जाईल? एक घाव दोन तुकडे हा माझा स्वभाव, आणि मला त्याचा अभिमान आहे. नवरा तीस वर्षं मालवाहू जहाजावर, वर्षातून तीन महिने घरी. त्यामुळे चिऱ्याचं घर बांधलं ते मी. विहीर कुठे खणायची, लेकीला कुठल्या कॉलेजात घालायचं, तेही मीच ठरवलं. यातलं एकही चुकलं नाही, वाडीत कुणालाही विचारा.

आता ते कायमचे घरी आलेत, त्याला वर्ष होत आलं. पडवीत जाऊन मी सांगितलं, "पुळणीवरचं ठरवलं हो."

"बरं," म्हणाले. मी फोन लावणार एवढ्यात आत आले. "ता पण ठरवून झाला? या घरात मी पावणा हाय काय गो?"

मला रागच आला. इतकी वर्षं सगळं अंगावर घेतलं, त्याचं हे फळ? चांगलं सुनावणार होते. पण त्यांचा चेहरा पाहिला. सुट्टी संपत आली की व्हायचा तसा झाला होता, आणि आता तर कुठे जायचंही नव्हतं. मी फोन खाली ठेवला.

"मग तुम्हाला कुठलं हवं?"

हा प्रश्न मी त्यांना यापूर्वी कधी विचारला होता, ते मला आठवेना. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही हॉटेलांचे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. अर्धा तास गेला. माझी चुळबुळ चालली होती, पण जीभ आवरली.

"ह्या आतला," ते म्हणाले.

"अहो, समुद्र दिसत नाही तिथनं!"

"म्हणून तर. खिडकीतनं पाणी दिसला की मला निघायचा हाय असाच वाटता. तू बाजूला बसलेली असलीस तरी."

मला काचेतून समुद्र बघायचा होता, अजूनही बघावासा वाटतो. तरी मी सुपारीच्या बागेतल्या हॉटेलला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, बुकिंग कुणाच्या नावावर करायचं? सवयीने माझं नाव ओठावर आलं. ते गिळून मी फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं. मग खोलीत किती जण राहणार, असं तिकडून विचारलं असावं.

"दोन," ते म्हणाले. आणि तिकडून कुणी काही विचारलं नसताना पुन्हा म्हणाले, "दोघंही."