चौसष्ट टक्क्यांवर थांबलेला टीव्ही

पिरंगुटच्या बाजारात बाबालाल मुलाणीचं दुकान छत्तीस वर्षं होतं. पाटीवर ‘नूर रेडिओ अँड टीव्ही’ असं लिहिलेलं. नूर म्हणजे त्याची बायको नूरजहाँ. रेडिओ कधीच गेले, पण पाटी बदलायची त्याला कधी गरज वाटली नाही.

दुकानापुढं एक लाकडी बाकडं होतं. उरवड्याच्या कंपन्यांमधली पहिली पाळी सुटली की दोघं-तिघं तिथं टेकायचे आणि वाद सुरू व्हायचे. आयफोन भारी का अँड्रॉईड, डिश ठेवावी का नेट घ्यावं, टीव्ही बेचाळीस इंची पुरतो का पंचावन्न लागतो. गावात भाड्यानं राहणारा निरंजन नावाचा इंजिनीयर लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स वापरायचा आणि जगानं तेच वापरावं असं त्याला मनापासून वाटायचं.

“पण त्यात आमच्या कंपनीची एक्सेल शीट उघडंल का?” कोणी विचारायचं.

“उघडेल ना.”

“आन मराठीत छापंल का?”

“थोडं सेटिंग करावं लागेल.”

“मग ऱ्हाऊ द्या, आमचं चोरीचं विंडोजच बरं हाय.” सगळे हसायचे. निरंजनही हसायचा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायचा.

बाबालाल हातातला सोल्डर खाली न ठेवता बोलायचा. त्याचं मत ठरलेलं होतं. “कुटलीबी वस्तू घ्या, आदी ती पालथी घाला. मागं स्क्रू हायेत का नुसतं चिकटवलंय ते बगा. स्क्रू असतील तर ती तुमची. न्हाईतर ती कंपनीची, तुमी निस्ती सांभाळताय.”

त्याचा मुलगा इरफान मात्र पौड रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये टीव्ही विकत होता. घरी जेवताना बापलेकांचं जुंपायचं.

“अब्बा, लोक आता दुरुस्त करत न्हाईत, बदलत्यात.”

“तुमी बदलाया लावताय म्हनून बदलत्यात.”

“टीव्ही आता टीव्ही ऱ्हायला न्हाई. त्यो कॉम्प्युटर हाय. त्याला बी दर सालाला नवं सॉफ्टवेअर लागतं.”

“म्हंजे चांगला धडधाकट टीव्ही, पडदा साबूत, आवाज साबूत, आन तरी म्हातारा म्हनायचा?”

“व्हय. तसंच हाय.”

नूरजहाँ दोघांच्या ताटात भाजी वाढायची आणि म्हणायची, “गार होतंय.” तिच्या लेखी दोघांचंही बरोबर होतं.

पण बाबालाल नुसता हटून बसणारा माणूस नव्हता. पिक्चर ट्यूबचे टीव्ही संपले तेव्हा तो मोबाईलवर व्हिडिओ बघून एलईडीचं काम शिकला. साठी उलटल्यावर पेनड्राईव्हमधून टीव्हीत नवं सॉफ्टवेअर कसं भरायचं तेही शिकला. चार-पाच जणांचे टीव्ही त्यानं तसे चालू करून दिले होते. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो इरफानला दिसावा अशी इच्छाही होती.

एकनाथ गोळे हा त्याचा पौडच्या शाळेपासूनचा मित्र. उरवड्याच्या एका कंपनीतून तो फोरमन म्हणून निवृत्त झाला आणि कासार आंबोलीत घर बांधून राहिला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, कल्पनाला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून ती पुढच्या खोलीतल्या पलंगावर हवेच्या गादीवर पडून असायची. मुलगी जुईली महाळुंग्याला राहायची, नोकरी सांभाळून दर रविवारी यायची. बाकी सहा दिवस एकनाथच सगळं करायचा.

कल्पना लग्नाआधी कबड्डी खेळायची. तालुक्याच्या संघात चढाई करायची. आता टीव्हीवर कबड्डीची लीग लागली की तिचा चेहरा बदलायचा. चढाई करणारा रेषेपाशी गेला की तिच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर पुढं सरकायची. बोनस मिळाला की एक बोट वर. रेफरीनं चुकीचा गुण दिला की ती घशातून एक आवाज काढायची, आणि एकनाथ म्हणायचा, “व्हय, व्हय, मला बी तसंच वाटतंय.” दोघांचं बोलणं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

त्या डिसेंबरात लीग ऐन रंगात आली आणि टीव्हीवर पाटी यायला लागली, की हे ॲप या टीव्हीवर यापुढे चालणार नाही, सॉफ्टवेअर नवं करा. टीव्ही सात वर्षांचा होता. घेताना बाबालालनंच तो पालथा घालून, मागचे स्क्रू मोजून पसंत केला होता.

“अब्बा, मी एक स्टिक देतो,” घरी विषय निघाला तेव्हा इरफान म्हणाला. “टीव्हीच्या मागं खोचायची, नेट जोडायचं. धा मिनटात कबड्डी सुरू.”

“चांगल्या मान्साच्या हातात काठी कशाला देतो? कंपनीनं सॉफ्टवेअर काढलंय. मी भरतो.”

इरफाननं वाद वाढवला नाही. एवढंच म्हणाला, “मग इन्व्हर्टरवर लावून करा. मधी लाईट गेली तर टीव्ही कायमचा बसंल.”

बाबालालनं ऐकलं होतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते म्हणून त्यानं मुद्दाम बुधवार धरला. दुपारी चारला तो कासार आंबोलीत पोचला. पाचला सामना होता. कल्पनाचे केस विंचरून एकनाथनं तिला उशीला टेकवून बसवलं होतं.

इन्व्हर्टरचा प्लग पलंगाच्या डोक्याशी होता, कारण हवेच्या गादीची मोटार त्यावर चालायची. टीव्ही समोरच्या भिंतीवर. वायर तिथवर पोचत नव्हती.

“एक्स्टेन्शनचा बोर्ड हाय का रं?” बाबालालनं विचारलं.

“माळ्यावर हाय,” एकनाथ म्हणाला. “पर शिडी शेजारी नेलीया.”

बाबालालनं घड्याळ बघितलं. “ऱ्हाऊ दे. पंधरा मिनटाचं तर काम हाय.”

पेनड्राईव्ह लावला. काळ्या पडद्यावर एक पांढरी पट्टी हळूहळू भरायला लागली. खाली आकडा, आणि ‘टीव्ही बंद करू नका’ अशी सूचना. तिघंही त्या आकड्याकडं बघत होते. चाळीस झाले, पन्नास झाले. एकनाथ बायकोला म्हणाला, “आलंच बग आता.”

चौसष्टवर पंखा थांबला. पलंगाशेजारची मोटार तेवढी घुरघुरत राहिली. लाईट चार-पाच सेकंदांत परत आली, पंखा फिरायला लागला. टीव्हीचा लाल दिवा लागला, विझला, परत लागला. पडदा काळाच राहिला.

बाबालालनं प्लग काढून घातला. बटण दाबून धरलं. पेनड्राईव्ह पुन्हा लावला. सव्वापाचपर्यंत तो टीव्हीकडं तोंड करून खुडबुड करत होता, कारण मागं वळलं तर कल्पनाकडं बघावं लागणार होतं.

“वहिनी, दोन दिवस द्या मला,” शेवटी तो म्हणाला.

इरफान त्याच संध्याकाळी नवा टीव्ही आणून लावायला तयार होता. बाबालाल म्हणाला, “थांब. माज्या हातनं बिघडलाय, मीच करनार.” एकनाथनंही मित्राची बाजू घेतली. “बाबू करतोय ना, थांबू की.” तोवर मोबाईलवर दाखवू, असं ठरलं. पण एवढ्याशा पडद्यावर धावणारी माणसं कल्पनाला दिसेनात. एकनाथ फोन तिच्या डोळ्यांपुढं धरून बसायचा, हात भरून यायचा, आणि ती तोंड भिंतीकडं वळवायची.

बाबालाल तीन वेळा पुण्याला, सुट्या भागांच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन आला. पहिल्या खेपेला कळलं, की आतली चिप पुन्हा लिहावी लागेल आणि त्यासाठी लागणारी या मॉडेलची पूर्ण फाईल कोणाकडं नाही. दुसऱ्या खेपेला टीव्हीच्या आतला तसाच अख्खा बोर्ड शोधला, मिळाला नाही. तिसऱ्या खेपेला एकानं जवळपासच्या मॉडेलचा बोर्ड दिला. तो घेऊन नवव्या दिवशी बाबालाल कासार आंबोलीला गेला. झाकण उघडलं, बोर्ड बसवला, बटण दाबलं.

टीव्ही चालू झाला. आवाज आला, मैदान आलं, खेळाडू आले. पण सगळं उलटं. मैदान वर आणि डोकी खाली.

“सेटिंग असंल काईतरी,” बाबालाल पुटपुटला आणि रिमोट शोधायला लागला.

कल्पना थोडा वेळ त्या उलट्या माणसांकडं बघत राहिली. मग तिनं डोळे मिटले. तिचा डावा हात चादरीवर होता तसाच होता.

“उद्या इरफानला सांग, नवा घेऊन ये म्हनावं,” एकनाथ म्हणाला. आवाजात राग नव्हता. बाबालालनं मान हलवली आणि हत्यारं पिशवीत भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरफान टेम्पोतून नवा टीव्ही घेऊन पोचला, तेव्हा दारात ॲम्ब्युलन्स उभी होती. पहाटेपासून कल्पनाला ताप भरला होता आणि श्वास नीट येत नव्हता. खोका त्यानं पडवीत भिंतीला टेकवला आणि स्ट्रेचर धरायला गेला. पुण्यातल्या दवाखान्यात ती पाच दिवस होती. छातीत कफ साचला होता. अशा पेशंटचं असं होतंच, डॉक्टर म्हणाले. सहाव्या दिवशी ती गेली. लीगचा शेवटचा सामना अजून आठवडाभर लांब होता.

टीव्हीमुळं कोणी मरत नाही, हे बाबालालला कळत होतं. नूरजहाँनंही तेच सांगितलं. इरफाननं तर दोनदा सांगितलं. “मी सांगितलं व्हतं” हे शब्द त्यानं एकदाही उच्चारले नाहीत, आणि बाबालालला ते न उच्चारलेलेच ऐकू यायचे. बाईचे घरातले शेवटचे नऊ दिवस आपण आपल्या हट्टापायी काळे करून ठेवले, एवढं तर खरं होतं. त्याला औषध नव्हतं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा तो एकटाच एकनाथकडं गेला. पुढची खोली मोकळी होती. पलंग, गादी, मोटार सगळं कोणा गरजूला देऊन टाकलं होतं. दोघं सतरंजीवर बसले.

“एकनाथ, मला बोलायचंय,” बाबालाल म्हणाला. “इरफाननं मला बजावलं व्हतं, इन्व्हर्टरवर लाव म्हनून. मी एक्स्टेन्शनच्या बोर्डासाठी थांबाया पायजे व्हतं. मीच ऱ्हाऊ दे म्हनालो.”

एकनाथनं मागच्या दाराकडं बघितलं.

“शिडी शेजाऱ्याकडं नव्हती, बाबू,” तो म्हणाला. “मागच्या पडवीतच व्हती. रात्रभर तिच्यापायी जागा व्हतो, पाय दुकत व्हते. चढायचा कंटाळा आला म्हनून तोंडाला येईल ते बोललो.”

बाबालालनं त्याच्याकडं बघितलं. मनावरचा भार थोडा उतरेल म्हणून तो आला होता. उलट झालं. आपल्यावर ओरडून आपल्याला मोकळं करील असा एकच माणूस त्याला होता, आणि त्यालाच आता ओरडायला जागा उरली नव्हती.

“दोन वर्सं तुज्यावानी कुनी केलं नसतं रं,” तो म्हणाला.

“करत व्हतो. आन त्याच दिशी कंटाळलो.”

जुईलीनं चहा आणून ठेवला. दोघांनी तो प्यायला. मग बाबालाल उठला.

त्यानंतर दोघांचं भेटणं कमी झालं. भांडण झालं नव्हतं, पण समोरासमोर बसलं की दोघांनाही तोच बुधवार दिसायचा. फेब्रुवारीत जुईली वडलांना महाळुंग्याला घेऊन गेली. कासार आंबोलीच्या घराला कुलूप लागलं.

बाबालालनं त्यानंतर टीव्ही उघडला नाही. कोणी आणला तर म्हणायचा, “इरफानच्या शोरूमात दावा.” बाकड्यावर वाद चालायचे, त्याला मत विचारलं तर म्हणायचा, “मला त्यातलं कळत न्हाई.” पहिल्यांदा लोकांना ती थट्टा वाटली. मग हळूहळू बाकड्यावर बसणं बंद झालं. निरंजनही नोकरी बदलून बाणेरला गेला. जाताना भेटून गेला आणि एकनाथची चौकशी केली. एप्रिलमध्ये दुकान मोबाईलचे कव्हर विकणाऱ्याला भाड्यानं दिलं. त्यानं पाटी उतरवली. इरफाननं ती घरी आणली, नूरजहाँनं ती गच्चीवरच्या टाकीखाली ठेवली.

जूनच्या एका दुपारी फोन वाजला. एकनाथ होता. चार महिन्यांनी.

“बाबू, हितं लई मोठा टीव्ही हाय. पोरं हापिसात गेल्यात. कुटलं तरी बटण दाबलं आन आता त्यो सगळं विंग्रजीतच बोलून सांगतोय. ‘होम’, ‘बॅक’, काय दाबंल ते वरडतोय. घर डोक्यावर घेतलंय.”

“घाबरू नगंस. रिमोट हातात घे,” बाबालाल म्हणाला. “डाव्या बाजूला चाकाचं चित्र हाय का?”

“हाय.”

“त्ये दाब. काय आलं, वाच.”

एकनाथ एकेक अक्षर लावून वाचत होता. बाबालाल डोळे मिटून ऐकत होता आणि खाली जा, अजून खाली जा, सांगत होता. दोनदा ते वाट चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पाऊण तास लागला. शेवटी तिकडचा आवाज बंद पडला.

“थांबला,” एकनाथ म्हणाला.

“थांबला ना?”

“व्हय.”

दोघंही थोडा वेळ लायनीवर राहिले.

“ठेवू?” एकनाथनं विचारलं.

“ठेव,” बाबालाल म्हणाला, आणि त्यानं फोन कानाशी तसाच धरून ठेवला.