पुढच्या फर्म्यातलं पथ्य

बांधणीच्या दुकानात तिला सगळे सुईबाई म्हणत. वीस वर्षं ती फाटकी पुस्तकं उसवून पुन्हा शिवत आली होती. तिच्याकडे आलेलं पुस्तक आधी फर्म्यांत सुटायचं. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. एक फर्मा खळ लावून वाळत पडलेला, दुसरा दाबाखाली, तिसरा तिच्या मांडीवर. मांडीवर येईल तो ती वाचायची. मधलं काय सुटलं याची तिला फिकीर नसे. कादंबरीतला नवरा एका फर्म्यात मेला आणि दुसऱ्यात लग्नाला उभा राहिला, तरी हिचं काही अडत नसे.

मग तिच्या स्वतःच्याच नवऱ्याची मूत्रपिंडं बिघडली. तो रंगारी, आयुष्य शिडीवर गेलेलं. डॉक्टरांनी दोन मिनिटांत "मीठ तोडा, पथ्य सांभाळा" म्हणून पुढच्याला हाक मारली. पथ्य म्हणजे नक्की काय, हे विचारायला ती तोंड उघडेपर्यंत दार लागलंसुद्धा.

पंधरवड्यानं कॉलेजच्या ग्रंथालयातून आहारशास्त्राचं जाडजूड पुस्तक बांधणीला आलं. सुईबाईला वाटलं, आपल्यासाठीच आलं. ती वाचायला लागली. अडलेला शब्द दुकानाच्या मालकाला विचारायची, त्यालाही येत नसला तर दहादा वाचायची. खळीचं पीठ तोलायचा छोटा काटा तिनं घरी नेला. डाळ तोलू लागली, पाकिटांवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचू लागली.

"अगं, स्वयंपाक करतेस की औषध कुटतेस?" नवरा म्हणायचा.

"गप जेवा."

"गप कसा जेवू? घास तोंडात गेला की रडू येतं. तेवढंच खारट लागतं!"

अशात एक फर्मा मांडीवर आला. त्याच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाला लिहिलं होतं, की साध्या मिठाऐवजी पोटॅशियम घातलेलं बदली मीठ मिळतं, त्यात सोडियम कमी असतं आणि पुष्कळांच्या रक्तदाबाला ते मानवतं. पान संपलं. सुईबाई त्याच संध्याकाळी दुकानातून पाकीट घेऊन आली.

"आत्ता कसं जेवल्यासारखं वाटलं, डॉक्टरीणबाई!" नवरा बोटं चाटत म्हणाला. वरून चिमूट चिमूट घेऊ लागला. तिनंही घेऊ दिलं.

अकराव्या दिवशी सकाळी ती शिवणीआधी फर्मे जुळवायला बसली. एकाची शेवटची ओळ, पुढच्याची पहिली ओळ, असं बघत जायचं असतं. बदली मिठाच्या फर्म्यावर तिनं पुढचा ठेवला. पहिल्याच ओळीत होतं: 'मात्र ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत त्यांनी हे मीठ वर्ज्य करावं. पोटॅशियम रक्तात साठतं, स्नायू लुळे पडतात, हृदय एकाएकी थांबू शकतं.'

सकाळीच तो म्हणाला होता, "पाय शिशाचे झालेत गं." ती म्हणाली होती, "वयाचे झालेत."

तिनं फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. मग ती तशीच, खळीनं माखलेल्या हातांनी, दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेकडे पळाली. तिथं तो व्हरांडा रंगवत होता. शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर, एक हात छताला. हाक मारावी तर दचकेल, न मारावी तर... तिनं धाप गिळली.

"अहो, जरा खाली येता का?"

"एवढं गोड? कोण गेलं?"

"कुणी नाही. या ना. सावकाश. दोन्ही हातांनी धरा."

तो उतरला. शेवटून तिसऱ्या पायरीवर त्याचा गुडघा मुडपला आणि तो सगळाच्या सगळा तिच्या अंगावर आला.

दवाखान्यात छातीला तारा लावल्या. यंत्रातून निघालेली पट्टी बघताना तिथल्या डॉक्टरीणबाई मधेच बोलायच्या थांबल्या. नर्सला हाक गेली, सुई टोचली, रक्त घेतलं.

"हल्ली खाण्यात काही नवीन?" त्यांनी विचारलं.

नवरा म्हणाला, "छे! उलट ही फार जपते."

गप्प राहिलं असतं तर तेवढ्यावर भागलं असतं, त्याला तरी कधी कळलं नसतं. पण न सांगून कसं चालेल? सुईबाईनं पलंगाची दांडी घट्ट धरली. "बदली मीठ. मीच घातलं. दहा दिवस."

नवऱ्यानं मान वळवली.

"आणखी दोन-चार दिवस गेले असते, तर..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य पुरं केलं नाही. "घरी जायच्या आधी आमच्या आहारतज्ज्ञ बाईंना भेटा. निवांत तासभर. सगळं विचारा."

तिनं सगळं विचारलं, एकेक दोनदोनदा. चौथ्या दिवशी तो घरी आला. तिनं ताट वाढलं. ज्या माणसानं तीस वर्षांत ताटाकडे न बघता घास तोंडात टाकला, तो आज हात मांडीवर ठेवून ताटाकडे बघत बसला.

"यात काय काय घातलंयस?"

थट्टा नव्हती. रागही नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

तिनं एकेक पदार्थावर बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. ती शेवटापर्यंत सांगत गेली. तोवर त्यानं घास उचलला नाही.