सागाची भिंत आणि आईचा झाप

"खोटे दात मला चालतील, खोटं लाकूड चालणार नाही," असं मी त्या दुकानदाराला तोंडावर सांगितलं. नाशिकच्या त्या दुकानात तो मला सिमेंटच्या फळ्या दाखवत होता. वर लाकडासारख्या रेघा, गाठीसुद्धा छापलेल्या, आणि प्रत्येक फळीवर गाठ अगदी त्याच जागी! "मॅडम, घोटीकडच्या पावसात खरं लाकूड टिकत नाही हो," तो म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. घोटीचा पाऊस हा मला शिकवणार! मी त्याच पावसात वाढले.

नोकरीची सगळी वर्षं मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काढली. सिमेंट, लोखंड आणि राख बघून डोळे विटले होते. निवृत्त झाल्यावर घोटीच्या वरच्या अंगाला, आमच्याच शेतात, एक छोटंसं घर बांधायचं ठरवलं. दगडी जोतं, वर कौलं आणि भिंतींना बाहेरून लाकडाच्या फळ्या. खरी अडचण पावसाची नव्हतीच. अडचण होती माझी आई.

आईचं अर्धं आयुष्य कुडाच्या घरात गेलं. कारवीच्या काठ्यांची भिंत, वर शेणमातीचा लेप. पावसानं धुपली की ती लिंपायची, वाळून तडकली की पुन्हा लिंपायची. तिच्या बोटांची कातडी सोललेली मला अजून आठवते. मी नोकरीला लागले आणि आमच्या घराला विटांची भिंत आली, तेव्हा आई त्या भिंतीवर थापा मारत घरभर फिरली होती. माझा नवा बेत ऐकून ती भडकलीच.

"काड्यांच्या घरातून बाहेर पडायला जन्म गेला माझा. अन् तू एवढी शिकून परत काड्यांतच चालली? लोक हसतील! असल्या घरात मी पाय ठेवायची नाय, सांगून ठेवते."

आणि आई बोलली म्हणजे बोलली. मला तर रडूच आलं. ते घर मी तिला घेऊन राहायला बांधत होते. तीच येणार नसेल तर कसली भिंत आणि कसलं काय!

तरी मी हट्ट सोडला नाही. शेवटी तिचीच लेक. पाइनच्या फळ्या दिसायला गोड, पण वाळवीला आमंत्रण. बाभूळ टणक, पण उन्हात वेडीवाकडी होते. एका वखारीत जुन्या तुळयांचा साग मिळाला. सगळं आकसणं-फुगणं उरकून शांत झालेलं लाकूड. चिरल्यावर असा वास सुटला की मी तिथेच नक्की करून टाकलं. फळ्या आडव्या लावल्या, कौलांसारख्या एकीवर एक चढवून, म्हणजे पाणी खाली निथळून जातं. त्यांना मी स्वतः जवसाचं तेल पाजलं. ह्या भिंतीला लिंपण लागणार नाही, हे मनाशी पक्कं होतं.

पश्चिमेच्या भिंतीला मात्र मी लोखंडी आकडे मारून घेतले. आमच्याकडे पाऊस वरून कमी आणि पश्चिमेकडून तिरपा जास्त मारतो. म्हणून पावसाळ्याआधी त्या बाजूला झाप बांधतात: बांबूच्या कांब्यांत भाताचा पेंढा दाबून केलेला पडदा, भिंतीपासून थोडा लांब, म्हणजे मधून वारा खेळतो. सुतार हसायला लागले. "ताई, एवढा भारी साग लावायचा आणि वर पेंढा?" म्हटलं, "हो, पेंढा. तुम्ही आकडे मारा."

आई रोज यायची, पण शेताच्या बांधावर उभी राहून नाक मुरडून जायची. जोत्यावर काही चढायची नाही. त्या दिवशी तिची नजर आकड्यांवर गेली.

"ते कशाला गं?"

"झाप बांधायला."

"सागाच्या भिंतीला झाप?"

"मग काय! तू बांधायचीस तेव्हा आमच्या अंगावर कधी थेंब तरी आला का?"

आईनं त्या आकड्यांकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं. मग एकदम खेकसली, "अन् बांधणार कोण? तुला धड गाठ तरी मारता येते का?"

"नाही येत," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोयता काखेत मारून आली. बरोबर पेंढा, बांबू, सुतळी. झाप काही बांधावरून बांधता येत नाही. बडबडत, मला शिव्या घालत ती सरळ जोत्यावर चढली. पाय ठेवलास बरं का, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी जीभ चावली. संध्याकाळपर्यंत झाप असा ताठ उभा राहिला की सुतारसुद्धा बघत राहिले. मला तर छाती फुगेल एवढा अभिमान वाटला. रात्री ती तिथंच जेवली आणि तिथंच झोपली.

परवा रस्त्यावर एक गाडी थांबली आणि आतून शहरी मंडळी उतरली. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. "मावशी, हे रिसॉर्ट कोणाचं? मालक आहेत का आत?" त्यांनी आईला राखणदार समजलं होतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तरातरा बाहेर निघाले, पण आई आधीच उठली होती.

"रिसॉर्ट नाय, घर हाय. लाकूड माझ्या लेकीनं निवडलं. अन् तो झाप दिसतो ना, तो माझा हाय." असं म्हणून तिनं सागाच्या फळीवर जोरात थाप मारली, विटांच्या भिंतीवर मारली होती तशीच.