पौर्णिमाचा आवाज आणि साउंड कार्ड

भातकुलीत उत्तमरावांच्या घरी सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही, असा रिवाज होता. म्हातारा काही दुष्ट नव्हता. रिवाज मोडताही येतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून ताट वाढलं की त्यांची सून पौर्णिमा दाराची कडी वाजवायची, आणि अगदीच गळ्याशी आलं तर पदराआडून कुजबुजायची. नवरा किशोर अकोल्याला कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी. लग्नाला वर्षं झाली, तिची पोरगी शाळेत जायला लागली, तरी हेच चाललेलं.

ही गप्प बाई महेजबीनच्या खोलीत मात्र घडाघडा बोलायची. मागच्या गल्लीतल्या महेजबीननं घरीच कॉम्प्युटर टाकला होता. लग्नपत्रिका छापायला तयार करून द्यायची, रिक्षावर वाजवायच्या जाहिराती रेकॉर्ड करून द्यायची. शिवणकाम शिकते असं सांगून पौर्णिमा तिथं जायची आणि बियाण्यांच्या जाहिराती बोलायची. गल्लीतल्या बायांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. साल दोन हजार सहा. कापूस दगा देत होता, गावोगावहून वाईट बातम्या येत होत्या, आणि नवं बियाणं तेवढं जोरात खपत होतं. आपण लोकांच्या गळ्यात काय मारतोय, हे पौर्णिमाला टोचायचं. पण घसा मोकळा करून बोलायला जगात तेवढी एकच जागा होती, ती सोडवत नव्हती.

अडचण कॉम्प्युटरची होती. माइकची पिन थेट मदरबोर्डच्याच भोकात खुपसलेली. आवाजाखाली सतत घरघर, माऊस हलवला की किरकिर. बाई बोलते की पिठाची गिरणी, कळायचं नाही. असा आवाज पुन्हा आला तर काम दुसरीकडे, असं अकोल्याच्या बियाणेवाल्यानं सांगून टाकलं. तेव्हा महेजबीननं ओळखीच्या दुकानातून साउंड कार्ड, म्हणजे आवाज साफ भरणारी वेगळी पट्टी, पाहायला आणलं.

"हे लावलं का घरघर गेली समज," ती म्हणाली.

"नोको लावू व! त्या घरघरीनंच तं मले कोनी माणूस वळखत नाई. मामाजीनं आवाज वळखला तं माह्यं घराबाहेर निघनं बंद."

"अन नाई लावलं तं कामच जाते. मंग काय कराले येशीन इथं?"

दोन्हीकडून दार बंद. पौर्णिमा रडकुंडीला आली. "एकडाव आयकून तं पाह्य," म्हणत महेजबीननं कार्ड बसवलंच. हेडफोनमधून आपला आवाज आला तशी पौर्णिमा दचकली. श्वाससुद्धा ऐकू येत होता. केवढा भरदार, केवढा मोकळा! तिचे डोळे भरून आले.

"राहू दे लावलेलं," ती म्हणाली. "होईन ते होईन."

पुढच्या आठवड्यात जाहिरातीची रिक्षा पौर्णिमाच्याच गल्लीत शिरली. उत्तमराव ओसरीवर सुपारी कातरत होते. पौर्णिमा दाराआड उभी. भोंग्यातून शब्द न् शब्द स्वच्छ येत होता. उत्तमरावांचा अडकित्ता थांबला. त्यांनी मान वळवून रिक्षाकडे पाहिलं. संपलं सगळं, तिला वाटलं.

"वा!" उत्तमराव समोरच्या घरच्या पंजाबरावांना म्हणाले. "काय बोलून राह्यली बाई! कोन्या गावची असंन? नाईतं आमच्या घरी पाहा, सून हाय का नाई तेच समजत नाई."

पौर्णिमा वाचली होती. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांच्या भीतीनं ती घरघरीमागं लपत आली, त्यांना तिचा आवाज कधी माहीतच नव्हता. खोली, काम, सगळं विसरून ती उंबऱ्यावर आली.

"मामाजी, ते मी बोलते."

पण निघाला तो घरातलाच आवाज, पदराआडून कुजबुजायचा.

उत्तमरावांनी हातानंच तिला थांबवलं. "जराशी थांब, सूनबाई. ते बाई काय सांगते, आयकू दे."