शास्त्रीबुवांचे अर्धे वाक्य

वहिनीला जाऊन आता वर्ष होत आले. वर्षश्राद्धाला कोणाला बोलवायचे यावर घरात रोज बोलणे होते. ती कशाने गेली, हे मात्र कोणी बोलत नाही. ‘आयुष्याची दोरीच तेवढी होती,’ म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. मला ते मान्य नाही. तोंडाने भांडणे मला कधी जमले नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचे घर मलकपेठेत. माझे वडील, अप्पा, वकील. निजामी अदालतीचे सारे काम उर्दूत चाले, आणि अप्पांची उर्दू मुन्शींनाही ऐकावीशी वाटे. फैसल्यातले एखादे वाक्य विरुद्ध पक्षाने अर्धेच वाचले, तर ते शेरवानी सावरत उभे राहत आणि उरलेले अर्धे पाठ म्हणून दाखवीत. घरी आल्यावर हे ते कौतुकाने सांगत.

अशा घरात दादाची बायको म्हणून वहिनी आली. मी तिची नणंद, मुलींच्या शाळेत शिकवणारी. आमचे जमले ते पुस्तकांमुळे. ती बाहेर बसली की मागच्या पडवीत असे, आणि मी उंबऱ्याच्या अलीकडे बसून तिला वाचून दाखवी.

मग तिला मध्येच डाग दिसू लागले. पाळी होऊन, न्हाऊन ती घरात येई, आणि थोड्याच दिवसांत लुगड्यावर पुन्हा डाग. फार नाही; कधी तांबूस, कधी तपकिरी. घराला यावर एकच प्रश्न पडला, ही बाहेर की आत?

“अगं, परवाच तर न्हालीस!” आई म्हणाली. पुढच्या वेळी पापडाचे पीठ भिजले होते, तेव्हा ती चार बायकांत बोलली, “आमच्या सूनबाईंचा कावळा पाळलेला आहे हो. काम निघालं की बरोबर शिवून जातो.”

बायका हसल्या. पडवीतून वहिनीही हसली. संध्याकाळी मला म्हणाली, “वन्सं, पाळलेला असता तर त्याला सांगितलं नसतं का, बाबा रे, पापडाला कशाला येतोस, पुरणाच्या दिवशी ये. पुरण वाटून खांदे जातात माझे.” मग म्हणाली, “पण हे पाळीसारखं नाही हो. दुखत नाही, खुपत नाही, नुसतं येतं. मला भीती वाटते.”

मी आईला म्हटले, हिला दवाखान्यात नेऊ या.

“डागासाठी दवाखाना? उद्या शिंक आली तरी तांगा बोलवशील. शाळेत हेच शिकवता का गं पोरींना?”

दवाखाना राहिला, पण स्वयंपाकघराचा खोळंबा होत होता, म्हणून अप्पांनी शास्त्रीबुवांना बोलावले. माजघराच्या दाराआड आई आणि मी उभ्या होतो. अप्पांनी खटला मांडावा तसे सगळे मांडले. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून ऐकले आणि स्पष्ट सांगितले, “वकीलसाहेब, हा विटाळ नव्हे, हा रोग आहे. रोगाने जातं त्या रक्ताला विटाळ नाही. देवाचा नैवेद्य तेवढा दुसऱ्या हातानं होऊ द्या. बाकी स्वयंपाकाला हरकत नाही.”

“म्हणजे स्वयंपाक चालेल,” अप्पा म्हणाले. आईने सुटकेचा निःश्वास टाकला. शास्त्रीबुवांपुढे दक्षिणा आणि केळी आली.

रोग हा शब्द आमच्या घरात एका विद्वान माणसाने मोठ्याने उच्चारला होता. तो कोणाच्या कानात शिरला नाही. पोथीला ठाऊक होते की बाईचे असे रक्त जाते आणि ते दुखण्याचे असते. इतके ठाऊक असून पोथीला विचारायचे काय, तर भात तिच्या हातचा चालेल का!

त्यानंतर डागांच्या दिवसांतली वहिनीची पडवीही गेली. बाहेर बसल्यावर निदान पाठ टेकायला मिळे. आता पाळीचे दिवस सोडले, तर डाग असो नसो, ती चुलीपुढे. पुढे तिला धाप लागू लागली, ओठ पांढरे पडले. एक दिवस ती भाकरी थापता थापता कलंडली, तेव्हा कुठे दादाने तांगा आणला.

जनाना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सिकंदराबादेहून येत. त्यांनी वहिनीला आत नेऊन तपासले. बाहेर येऊन हात पुसत विचारले, “ये कब से चल रा?” मी सांगितले. त्या दादाकडे वळल्या. “पैले काय कू नै लाए? दाग तो बहोत औरतों कू आता. हर दाग बुरा नै रैता. किसी कू कमजोरी से, किसी कू छोटी सी गाठ, काट दिए तो काम खतम. मगर देखे बगैर कैसा मालूम होता?” वहिनीचे दुखणे गर्भाशयाच्या तोंडाशी होते आणि आता ते काढण्यापलीकडे पसरले होते.  त्या क्षणी मला दादाची दया यायला हवी होती. आली नाही.

ती घरीच वारली. अंगावरून जाणे शेवटपर्यंत थांबले नव्हते. बायका तिला न्हाऊ घालायला उठल्या, तशी आई कावरीबावरी होऊन अप्पांकडे गेली. “अहो, हे विटाळातलं मरण तर नव्हे? त्याचं सगळं वेगळं करावं लागतं म्हणतात. कोणाला तरी विचारा.”

“विचारायची गरज नाही,” अप्पा म्हणाले. अदालतीत बोलत तसाच त्यांचा आवाज होता, ठाम आणि स्वच्छ. “शास्त्रीबुवांनी तेव्हाच सांगितलंय. हा विटाळ नव्हे, हा रोग आहे.”

शब्द न् शब्द बरोबर होता.

मी आयुष्यात पहिल्यांदा बाहेरच्या माणसांसमोर वडिलांना प्रश्न केला. “अप्पा, हे तुमच्या लक्षात होतं?”

 बांबू आणायला कोणी गेले आहे का, ते त्यांनी विचारले.