पंचमीपुरती मोटर

जगातलं कुठलंही यंत्र नीट चालू असलेलं ज्यांना बघवत नाही, असे एक गृहस्थ माझ्या नशिबी साडू म्हणून आले आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. त्यांना मी अण्णा म्हणतो आणि तिला अक्का. बसवकल्याणपासून थोडं आत, धरणाच्या काठावरच्या गावात अण्णांची पिठाची गिरणी होती. मुलाने ती बंद करून तिथे मोबाइलचं दुकान टाकलं, त्याच सुमारास अण्णांनी एका ठेकेदाराने टाकून दिलेली ॲल्युमिनियमची जुनी होडी आणि तिच्या मागे अडकवायची पेट्रोलची मोटर घरी आणली. "जन्मभर गिरणीचं इंजिन पोसलंय, ही तर त्याची धाकटी भैन हाय," असं म्हणत त्यांनी पाना हातात घेतला आणि तेव्हापासून माझे रविवार संपले. मेव्हण्याला नाही म्हणता येतं, सख्ख्या भावालाही म्हणता येतं, साडूला येत नाही.

मोटर मेकॅनिकला दाखवणं अण्णांना कमीपणाचं वाटतं. बसवण्णांना मानणारा माणूस. "आपलं कायक, आपलं काम, आपल्या हातानं करायचं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यामुळे अंगणात निळ्या ड्रममध्ये पाणी भरायचं, ड्रमच्या काठाला मोटर अडकवायची, अण्णांनी दोरी ओढायची आणि ड्रम हलू नये म्हणून मी त्याला मिठी मारून उभं राहायचं, असा आमचा दर रविवारचा कार्यक्रम. एकदा त्यांनी पेट्रोल गाळायला चहाची गाळणी नेली. पुढे कितीतरी दिवस त्या घरचा चहा मी श्वास रोखून प्यालो, आणि अण्णा मात्र "पत्ती बदललीय वाटतं" म्हणून आणखी अर्धा कप मागत राहिले. होडीला भोक पडलं की पातेल्याचं झाकण कापून ते ठिगळ लावतात. अक्कांच्या स्वयंपाकघरात आता एकाही पातेल्याला स्वतःचं झाकण नाही. मोटर जोडून झाली की दर वेळी दोन-तीन स्क्रू उरतात. ते डब्यात टाकत अण्णा म्हणतात, "कंपनी जास्तीचेच देतीय." ड्रममध्ये मोटर थोडा वेळ गुरगुरायची आणि आपोआप बंद पडायची. बंद करायचं बटण अण्णांनी कधीच काढून टाकलं होतं, कारण त्याची गरजच पडत नव्हती.

ह्या सगळ्याचं कारण सांगितलं नाही तर ते तुम्हाला नुसते हट्टी वाटतील. धरणाच्या पलीकडच्या काठावर आमची सासुरवाडी. सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. धरण व्हायच्या आधी अक्का चालत माहेरी जायच्या. पाणी आलं आणि बसवकल्याणला येऊन, बस बदलून जायचा लांबचा वळसा मागे लागला. पुढे अक्कांचे गुडघे गेले आणि बसची पायरी चढणं सुटलं. इकडे अव्वा थकत चाललेल्या. नागपंचमीला लेक माहेरी यावी, झोक्यावर नाही तर झोक्याजवळ तरी बसावी, एवढंच त्यांचं मागणं. "अव्वा, मी आणतो की तुमच्या लेकीला, पाण्यावरनं आणतो," असा शब्द अण्णांनी देऊन टाकला. जीप करू या, असं मी सुचवून पाहिलं. ते इतके दुखावले की पुन्हा विषय काढला नाही.

अडचण एवढीच, की पंचमीला आमच्याकडे चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही, आणि अक्का त्यात पाना-पक्कडही धरतात. त्या दिवशी हत्यारांची पेटी घरी राहायची. मोटर बरोबर धरणाच्या मधोमध खोकायची आणि थांबायची. अण्णा दोरी ओढून ओढून घामाघूम व्हायचे.

"अगं, नुसता प्लग काढून पुसू का?"

"आज न्हाई. आज लोखंड लावायचं न्हाई," लाह्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून अक्का सांगायच्या.

मग दोघंही माझ्याकडे बघायचे आणि मी वल्हं उचलायचो. वारा समोरून असायचा, त्यामुळे पुढे जाणं जमायचं नाही, परतच यावं लागायचं. माझी बायको आदल्या दिवशीच बसने जाऊन मोकळी झालेली असायची. पलीकडच्या काठावर अव्वांच्या लुगड्याचा ठिपका दिसायचा. त्याच्याकडे पाठ करून वल्हवताना फार वाईट वाटायचं. अण्णा मोटरीकडे बघत बसायचे.

गेल्या वर्षी अण्णांचा खांदा धरला. पंचमीच्या आधी कित्येक दिवस मोटरीला कुणीच हात लावला नाही. त्या दिवशी दोरी मी ओढली, आणि मोटर पहिल्याच झटक्याला सुरू झाली. धरणाचा मध्य आला, ती खोकली नाही. अण्णा काळजीत पडले. "कायतरी बिघडलंय," म्हणाले. काठ जवळ आला, खुर्चीवर बसलेल्या अव्वा दिसायला लागल्या, आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की ही थांबवायची कशी हे आपल्याला ठाऊकच नाही. अण्णांनी पेट्रोलचा कॉक बंद केला, तरी आत उरलेलं संपेपर्यंत आम्ही अव्वांच्या समोर गोल गोल फिरत राहिलो. अव्वांना दिसायचं कमी. प्रत्येक फेरीला त्या हात वर करायच्या आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बायकोला विचारायच्या, "आणिक एक होडी आली का गं? कुणाकुणाच्या लेकी यायल्यात?"

शेवटी मोटर दमली आणि होडी चिखलात रुतली. अव्वांनी अक्कांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला आणि मग हात काढलेच नाहीत. अण्णा तिकडे बघत नव्हते. ते पंच्याने मोटर पुसत होते, जिथे चिखल नव्हता तिथेही.

दिवाळीनंतर अव्वा गेल्या. यंदा पंचमी जवळ आली तरी मला बोलावणं आलं नाही. रविवार मोकळा मिळाला, आणि ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली तो मोकळा रविवार मला खायला उठला. दुपारी मी आपणहून गेलो. मोटर पोत्याखाली झाकलेली होती आणि अण्णा बाजेवर बसले होते.

"अण्णा, मोटर खोलायची न्हाई का?"

"कामून?"

"पंचमी आलीय की."

"आलीय की," अण्णा म्हणाले. "पण तिकडं आता वाट कोण बघायलंय?"

मी त्यांच्या शेजारी बाजेवर बसलो. पाऊस उघडला होता, आणि पलीकडचा काठ अगदी जवळ दिसत होता.