सुट्या टोकांचा हार

मोमीबद्दल लिहायचं तर तिच्या उजव्या खांद्यापासून सुरुवात करायला हवी, कारण नोकरीची शेवटची काही वर्षं ती स्वतः दुसऱ्या कशाबद्दल फारसं बोलतच नसे. लास व्हेगासच्या जुन्या भागातल्या एका हॉटेलात तिनं उभं आयुष्य खोल्या केल्या. खोल्या करणं म्हणजे चादर ओढा, गादीचा कोपरा उचला, नवी चादर खोचा, न्हाणीघर घासा, की पुढची खोली. हॉटेलवाले दर दोन-तीन वर्षांनी गाद्या आणखी जाड आणत आणि मोमी तेवढीच आणखी वाळे. "माणसं झोपतात हलकी, गादी कशाला हवी हत्तीची?" असं ती म्हणायची.

ते हॉटेल आम्हा बेटांवरच्यांचं. मालकीनं नव्हे, गिऱ्हाइकीनं. हवाईतली माणसं वर्षभराची सुट्टी साठवून, समुद्र सोडून या वाळवंटात येतात आणि घरच्यासारखाच भात नि बैलाच्या शेपटीचं सूप ओरपून जुगाराच्या यंत्रांपुढे बसतात. का, ते मला विचारू नका. मी या शहरात शाळेत इतिहास शिकवला, जुगारात अक्कल गेलेली बरीच घरं पाहिली आणि विचारणं सोडून दिलं. मोमी नि मी तिकडची घरं परवडेनाशी झाली तेव्हा इथे आलो, आणि एकमेकींच्या शेजारी म्हाताऱ्या झालो.

मोमीला स्वतःचं मूल नाही, पण तिचं घर कधी रिकामं नव्हतं. आमच्यात मूल नात्यातल्या माणसाकडे वाढवायला देतात. हानाई म्हणतात त्याला. लपवाछपवी नसते, मुलाला आपली आई कोण तेही माहीत असतं. देणाऱ्यानं समोर बसून, जेवताना, तोंडानं मागणं घालायचं. आणि ज्याच्याकडे मागणं आलं त्यानं नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर ते मुलाला बाधतं, असं निदान मोमीच्या घरात पक्कं धरतात. तिच्या धाकट्या बहिणीनं असंच मागणं घालून दीड वर्षाचा कवेलो तिच्या मांडीवर ठेवला. त्याच्यामागून नात्यातली आणखी तिघं आली. कुणाची आई तुरुंगात, कुणाची दुसऱ्या संसारात. मोमीनं कुणाला नाही म्हटलं नाही. खोल्या करून यायची, भात टाकायची, पोरांची डोकी धुवायची आणि भांडी तशीच टाकून खुर्चीत झोपायची.

तो कवेलो पुढे मुष्टियोद्धा झाला. गेल्या वर्षी वसंतात त्यानं जगज्जेतेपदाचा पट्टा जिंकला आणि आमच्या हॉटेलनं जाहीर केलं की चॅम्पियन शनिवार-रविवार घरी येतोय. खोल्या फुकट, मोठा हॉल फुकट, दारावर त्याचं पोस्टर एवढं मोठं की त्याची एकेक पापणी माझ्या तळहाताएवढी. बेटांवरून विमानं भरून नातेवाईक निघाले. सगळ्यांना आनंद. मोमीलाही होता, पण तो तिच्या पायांपर्यंत पोचत नव्हता.

कारण उन्हाळा संपला की ती निवृत्त व्हायची होती. तिकडे हवाईत, वायनाए गावी भावाच्या जागेत तिच्या वाट्याच्या दोन खोल्या होत्या. तिकीट काढून झालं होतं. "मला झोपायचंय, टीचर," ती मला म्हणायची. "उठून कुणाचा डबा भरायचा नाही, कुणाचं नाक पुसायचं नाही. दारात खुर्ची टाकीन आणि कुणी आलं तर झोपेचं सोंग घेईन."

शुक्रवारी तिचा थोरला भाऊ सॉलोमन बेटावरून आला. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. कुटुंबात शब्द त्याचा. आल्या आल्या त्यानं सांगितलं, "मोमी, रविवारी सकाळी कवेलोबरोबर जेवायचंय. तू, मी, तो. त्याला काही बोलायचंय."

"आता बोल म्हणावं."

"हे असं उभ्या उभ्या बोलायचं नसतं."

मोमीनं तेव्हा नुसती मान हलवली. शनिवारी सकाळी तिला सुट्टी मिळाली नाही, कारण हॉटेल तिच्याच पाहुण्यांनी भरलेलं. चॅम्पियनची खोलीही तिच्याच मजल्यावर. तिनं दार वाजवलं तर तो व्यायामाला गेलेला आणि त्याची मैत्रीण ब्रुक आत, पडदे ओढून झोपलेली. ही ब्रुक नेब्रास्काची, मक्याच्या शेतातली, खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करणारी. पोरगी साधी, पण आमच्या रीतभातीशी तिचा काडीचा संबंध नाही. उशाशी खारी बिस्किटं, आल्याच्या गोळ्या, आणि कचऱ्याची टोपली पलंगाला लागून ओढलेली. मोमीनं टोपली धुतली, जागच्या जागी ठेवली आणि दुपारी हातात सँडविच घेऊन थेट माझ्या दारात आली.

"पोर आहे."

"कुणाला?"

"तुझ्या नवऱ्याला! ब्रुकला, अजून कुणाला?" ती पायरीवर बसली. "कवेलो वर्षभर फिरणार, तीही त्याच्याबरोबर फिरणार. आणि सॉलोमन म्हणतो उभ्या उभ्या बोलायचं नसतं. आता सांग, रविवारी काय मागणार ते?"

सांगायला कशाला हवं होतं? मी म्हटलं, "मग नाही म्हण."

"तू पुस्तकं वाचून शहाणी झालीस. आमच्यात नाही म्हणत नाहीत."

"मग जाऊच नकोस जेवायला."

"माझ्या पोरानं जग जिंकलं आणि मी लपून बसू?" तिनं सँडविच अर्धं खाल्लं आणि उरलेलं माझ्या हातात कोंबलं. "मला हार करायचेत अजून. मोगरा बेटावरून बर्फात घालून आलाय, सुकायच्या आत ओवायला हवा."

मोगऱ्यावरूनच सगळं उघड झालं. आमच्याकडे गरोदर बाईच्या गळ्यात बंद हार घालत नाहीत, बाळाच्या गळ्याला नाळेचा फास बसतो म्हणून. दोन टोकं सुटी ठेवून हार नुसता खांद्यांवरून सोडायचा. पुरुषांना पानांचे सुटे हार घालतात ते वेगळं. पण बाईच्या गळ्यात फुलांचा सुटा हार दिसला की बेटावरचं शेंबडं पोरही ओळखतं. मी म्हटलं, ब्रुकला हारच घालू नकोस. तर म्हणे, चॅम्पियनची बाई बिनहाराची बसली तर लोक म्हणतील मोमीला ती पसंत नाही. बरं, बंद हार घाल, असल्या गोष्टींनी काय होतंय? तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला. ब्रुकचे केस लांब आहेत, टोकं झाकली जातील, एवढीच तिची योजना.

संध्याकाळी हॉल नुसता उसळला होता. उकुलेलेच्या तारा, डुकराचं मांस, नातवंडं टेबलांखालून पळताहेत, आणि मधोमध कवेलो कानापर्यंत हारांत बुडालेला, दर मिनिटाला कुणाबरोबर तरी फोटो. सुजलेल्या डोळ्याखाली मोमीच्या बहिणीचंच हसू. मोमी एका जागी बसली नाही. कवेलो तिच्या टेबलाशी आला की ती ताटं उचलायला जायची. तो ताटांशी आला की म्हाताऱ्यांना पाणी द्यायला.

"आंटी, बस ना गं माझ्याजवळ!"

"तू चॅम्पियन आहेस, मी नाही. मला कामं आहेत."

मग तिनं ब्रुकला हार घातला, गालाला गाल लावला आणि वळली. ब्रुक खूश झाली. आरशासारख्या खांबात बघून तिनं केस मागे सारले, आणि तिला दिसलं की सगळ्या बायकांचे हार गोल आहेत, आपल्याच हाराची टोकं लोंबताहेत. बिचारीला वाटलं दोरा तुटला. मोमी आंटीनं एवढ्या कष्टानं केलेला हार, कुणाला कळू नये म्हणून तिनं दोन्ही टोकं धरली आणि छान गाठ मारली.

शेजारच्या टेबलावरच्या साऱ्या बायांनी एकदम श्वास ओढला. आधी टोकं, मग गाठ, दोन्ही त्यांनी पाहिलं होतं. एक म्हातारी तर छातीवर हात ठेवून उठलीच. "अगं सोड, सोड ते!" मोमी हातातली ताटं तशीच खुर्चीवर टाकून धावली आणि गाठ सोडवू लागली. ब्रुक गोंधळून विचारतेय, "मी काही बिघडवलं का?"

"नाही गं, तू काही नाही बिघडवलंस," मोमी म्हणाली. गाठ सुटेपर्यंत बातमी हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती.

टाळ्या, शिट्ट्या, रडारड. कवेलो लाजून लाल. सॉलोमननं माईक घेतला. असल्या माणसाच्या हाती माईक लागू नये. "या पोराला कुणी वाढवलं?" तो गरजला.

"मोमीनं!"

"मग पुढचा चॅम्पियन कोण वाढवणार?"

"मोमी! मोमी!"

ब्रुकही टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, म्हाताऱ्या मावशीचं कौतुक चाललंय. मी मोमीकडे पाहिलं. हातातला हार तिनं पुन्हा ब्रुकच्या खांद्यांवर नीट सोडला, ताटं उचलली आणि स्वयंपाकघराकडे गेली.

रविवारी सकाळी मला तिनं बरोबर ओढलं. हॉटेलातल्या कॉफीच्या खोलीत, भिंतीपलीकडे यंत्रांची टणटण चालू, सॉलोमन, कवेलो आणि आम्ही दोघी. ब्रुक पोट बिघडलं म्हणून न्हाणीघरात गेली होती, आणि सॉलोमनला ती संधी वाटली. शेपटीच्या सुपाचे वाडगे आले. कवेलोनं पुढे वाकून मोमीचे हात हातात घेतले.

"आंटी, बाळ तुझ्याकडे वाढावं असं मला वाटतं. मी तसाच वाढलो ना? तुझ्याइतकं चांगलं कोण बघेल?"

मोमीनं त्याचे हात थोपटले आणि आपले काढून घेतले.

"नाही, बाळा."

सॉलोमनचा चमचा वाडग्यात पडला. "मोमी! मागितलेलं नाकारत नाहीत."

"मग मागायचं नव्हतं."

"बाळाला बाधेल. तुला माहीत आहे."

"माहीत आहे." तिचा आवाज एवढा दमलेला होता की त्यात भांडणसुद्धा नव्हतं. "सॉलोमन, तुझ्याकडे बायको आहे, अंगण आहे, तुझे दोन्ही खांदे शाबूत आहेत. तू घे."

"मी? हे बायकांचं काम."

"असं होय," मी म्हणाले. मला गप्प राहायला सांगितलं होतं, पण किती राहणार?

"टीचर, तुम्ही मधे पडू नका."

कवेलोचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "तू मला कधी नाही म्हटलं नाहीस."

"तेव्हा मला केस विंचरायला हात वर नेता येत होता. आता सकाळी ब्लाउजसुद्धा डाव्या हातानं चढवते. तुझं पोर रात्री रडलं तर मी ते उचलू कशानं? दातांनी?" मग तिनं विचारलं, "ब्रुकला विचारलंस?"

कवेलोनं वाडगा जवळ ओढला.

"विचारलंस का?"

"ती हो म्हणेल. तिला आपली रीत समजावून सांगितली की..."

"काय समजावून सांगितली की?" ब्रुक मागे उभी होती, तोंड धुतलेलं, पांढरीफटक. कवेलोनं समजावलं. फार प्रेमानं समजावलं बिचाऱ्यानं: मूल आपलंच राहील, आंटी फक्त वाढवेल, सुट्टीत भेटू. ब्रुकनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काल सगळे टाळ्या वाजवत होते ते यासाठी? आणि मीही वाजवत होते?"

"ब्रुक, मी तसाच वाढलोय. माझं काय वाईट झालं?"

"शेवटचा फोन कधी केलास तुझ्या आईला?"

त्यावर तो उठला आणि यंत्रांच्या आवाजात निघून गेला. वाटेत दोघांनी सही मागितली. त्यानं केली, रीतसर हसून केली. सॉलोमन त्याच्यामागे गेला. ब्रुक खुर्चीत बसली आणि रडायला लागली. मोमीच्या दंडाला धरून थँक्यू, थँक्यू म्हणत राहिली.

"उजवा सोड, दुखतो," मोमी म्हणाली. "आणि आभार मानू नकोस. मी नाही म्हटलं ते तुझ्यासाठी नव्हे. तू आनंदानं दिलं असतंस तरी नाहीच म्हटलं असतं. मी दमलेय, बस." मग तिनं स्वतःचा वाडगा तिच्यापुढे सरकवला. "वरचा तवंग काढून पी. पोटात राहील."

त्या संध्याकाळी पाहुणे गेले. कवेलोनं निघताना मोमीला मिठी मारली, पण ती फोटोसाठी मारतात तशी. सॉलोमन तिच्याशी न बोलता विमानात बसला. सोमवारी मजल्यावरच्या त्या सगळ्या खोल्या मोमीच्या वाट्याला आल्या, खिडक्यांवर चिकटलेल्या हारांसकट.

उन्हाळा संपल्यावर मीच तिला विमानतळावर सोडलं. वायनाएच्या त्याच आवारात सॉलोमन राहतो आणि अजून तिच्या दाराकडे बघत नाही. हिवाळ्यात मुलगी झाली, ब्रुकच्या आईच्या गावी. सगळं व्यवस्थित. मला वाटलं, सुटली मोमी.

कसली सुटते! रीत मोडली तरी रीतीवरचा विश्वास कुठे गेलाय? पोरीला सर्दी झाली की हिला वाटतं आपल्या 'नाही'मुळे. कान दुखला, आपल्यामुळे. दात उशिरा आले, तेही आपल्यामुळे. ब्रुकला यातलं काही ठाऊक नाही. तिला फक्त एवढं कळलंय की ताप आला, दूध ओकलं, की मोमी आंटी फोन पहिल्या घंटेला उचलते. म्हणून ती आठवड्यातून चारदा करते. परवा मी बोलत होते तर मोमी जांभया देत होती. मी रागावले. म्हटलं, अगं, झोपायला गेली होतीस ना तू तिकडे?

"झोपते ना, दुपारी," ती म्हणाली. "मूल नाही घेतलं मी, टीचर. नुसती आजारपणं घेतली." आणि मग, "थांब, तिचा फोन येतोय," म्हणून माझा फोन ठेवून दिला.